जिन्याखालचा संडास

उंद्री
दिवाळीनंतर, वेचणीचे दिवस

प्रिय फकीरा,

सलाम घे, रामरामही घे. पत्र पाहून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आजकाल घरी पत्र आलं की माणूस आधी त्यात मयताची बातमी शोधतो, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. तुझ्या पोराच्या, नौमानच्या मोबाईलवर फोन करता आला असता, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे आरडाओरडा. तुझा उजवा कान गेलाय आणि डावा तू टोपीत झाकून ठेवतोस. मी इथं ओरडलो की आवाज जिन्यातून थेट वर स्वयंपाकघरात जातो, आणि मला जे सांगायचंय ते या घरात कुणाच्या कानावर जाता कामा नये. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं आणि छकुलीच्या वहीची पानं फाडली. छकुली म्हणजे माझी नात. तू पाहिलीस तेव्हा बोबडं बोलायची, आता चौथीत आहे, आणि माझ्यावर नजर ठेवायचं काम तिच्या आईनं तिच्याकडे दिलंय असा मला दाट संशय आहे.

आधी तुझी खबर घेतो. खुब्याचं हाड नीट बसलं का? ऑपरेशन झालं तेव्हा मीच यायला हवं होतं, पण सोयाबीनची गंजी उघड्यावर होती आणि वरून आभाळ भरून आलेलं. म्हणून शिवमला पाठवलं. तो खामगाव-शेगाव करत वरवट बकालला आला, तुमच्याकडे जेवला, मुक्काम केला, आणि परत आल्यावर मला एवढंच म्हणाला, ‘‘चाचा बरे हायेत, वॉकर घेऊन चालतात.’’ एवढ्या लांब जाऊन आलेला माणूस एवढंच सांगतो? तुझ्या सुनेनं, शाइस्तानं काय केलं होतं जेवायला, नौमानचं गाद्यांचं दुकान कसं चाललंय, तू मला किती शिव्या घातल्यास, काही नाही. माझ्या पोराच्या पोटात लहानपणापासून काही राहत नाही. त्यानं काही पोटात ठेवलं म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सहदेव गवंडी आमच्या जिन्याखाली वाकून टेप लावताना दिसला. खालच्या मोठ्या खोलीतून वर जातो तो जिना तुला आठवत असेल. त्याच्याखाली आमचा फवारणीचा पंप असतो, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या असतात, आणि कापूस पिंजायची तुझी ती जुनी पिंजण, ‘पुढच्या साली नेतो’ म्हणून तू ठेवून गेलेली. मी सहदेवला विचारलं, काय मोजतोस? तो म्हणाला, ‘‘मले काय इचारता काका, शिवमभाऊले इचारा.’’ शिवमला विचारलं तर तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, ‘‘काही नाही बाबा, खाली एक छोटासा संडास काढून घेतो. असावा घरात.’’ असावा घरात! तुळस असावी म्हणतात, गाय असावी म्हणतात. वर चांगला चालता संडास असताना खाली आणखी एक असावा, असं म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

या बाबतीत माझं मत तुला माहीत आहे. आमचं घर एसटी स्टँडासमोर. स्टँडासमोर राहणाऱ्यानं खालच्या मजल्यावर संडास बांधणं म्हणजे ग्रामपंचायतीचं काम स्वतःच्या अंगावर घेणं. चिखलीची गाडी उशिरा, खामगावची त्याहून उशिरा, आणि माणसाचं पोट काही वेळापत्रक पाहून चालत नाही. आज एखादी बाई लेकरू घेऊन येईल, तिला नाही म्हणवणार नाही. उद्या तिचा नवरा येईल, परवा कंडक्टर. शिवाय पुढच्या खोलीत सोयरिकीची बोलणी चाललीत आणि पाहुण्यांच्या पाठीमागं धो धो पाणी सोडल्याचा आवाज येतोय, हे कोणत्या घराला शोभतं? म्हणूनच घर बांधताना मी संडास वर काढला, गच्चीच्या पार मागच्या कोपऱ्यात. सीट अशी बसवून घेतली की बसल्याबसल्या समोरच्या झरोक्यातून मावळतीकडचं आपलं शेत दिसावं. पिकाची राखण आणि पोटाचं काम, दोन्ही एका बैठकीत. गावात कुणाला असं सुचलं नव्हतं. तुलाही मी हौसेनं वर नेऊन दाखवलं होतं. तू आत डोकावलास, झरोक्यातून शेत पाहिलंस आणि म्हणालास, ‘‘झकास हाय बे.’’ तुझी वहिनी कोकिळा मात्र तेव्हाच म्हणाली होती, ‘‘घर बांधलं ते आपल्यापुरतं. पाहुण्याचा इचारच नाही केला.’’ मी म्हटलं, पाहुण्याला काय पाय नसतात?

असो. तर मला भीती कंडक्टरची नव्हती. खरी धास्ती घेतली ती जानरावमुळे. आपल्या वर्गातला जानराव, कबड्डीत एकट्यानं चौघांना ओढत न्यायचा तो. दोन वर्षांमागं त्याच्या पोरानं असाच मायेनं खाली संडास बांधला. बाबांचे गुडघे दुखतात म्हणे. मग बाबांना पुन्हा पुन्हा वर कशाला चढवायचं म्हणून खाट खाली आली. टीव्ही वरच राहिला, कारण केबल वर होती. मग जेवायला तरी कशाला चढायचं म्हणून ताट खाली यायला लागलं. आता तो दिवसभर दारात बसतो आणि गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, कुठून आले, कोणाकडे चालले. वर त्याच्या घरचे हसतात ते त्याला स्लॅबमधून ऐकू येतं, पण कशाला हसले ते कळत नाही. हे त्यानं मला स्वतः सांगितलंय. कुणी त्याला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, घरातून काढलं नाही. फक्त खाली ठेवलं. आधी संडास खाली येतो फकीरा, मग खाट, मग ताट, आणि एकदा खाली आलेला माणूस पुन्हा वर जात नाही. हे माझ्या घरात सुरू झालंय असं मला वाटलं आणि मी घाबरलो. तुझ्यापुढं कबूल करायला कसली लाज?

तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून पाहायला लागलो. आमची सून प्रणिता मुळात वाईट नाही, पण तोंडानं फटकळ. तीच त्या दिवसांत साखरेसारखं बोलायला लागली. ‘‘मामाजी, जिना चढताना गुडघ्याले कळ लागते का हो?’’ मी म्हटलं, नाही. ‘‘खुर्चीवरून उठताना?’’ नाही. एके दिवशी तिनं मला आधी स्टुलावर बसवलं, मग खुर्चीवर, मग पाटावर, आणि कशावरून उठायला सोपं जातं ते पट्टी लावून पाहिलं. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणे सहजच, तुमच्याएवढ्या उंचीच्या माणसाला काय बरं पडतं ते पाहत होते. तुमच्याएवढ्या उंचीच्या माणसाला! म्हणजे माझ्यासमोर माझंच माप घ्यायचं आणि नाव दुसऱ्याचं सांगायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते असं.

मीही मग हट्टाला पेटलो. काम नसताना जिना चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. पेपर वर राहिला म्हणून वर जायचं, चष्मा खाली राहिला म्हणून खाली यायचं. प्रणिता जिन्याच्या तोंडाशी दिसली की मी एक पायरी गाळून चढायचो आणि वर पोचल्यावर शीळ घालायचो. गुडघा मरणाचा दुखायचा. मग खोलीचं दार लावून तीळतेल चोळायचो, आणि वास येऊ नये म्हणून वरून अत्तर, तूच दिलेलं. छकुलीनं ते आईला सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तेलाची नवी बाटली माझ्या उशाशी होती. या घरात तेव्हा कुणीच काही बोलत नव्हतं, सगळे नुसते गोड हसायचे.

मग खालची मोठी खोली रिकामी झाली. तू कापसातला माणूस, तूच सांग, वेचणी सुरू असताना कुणी कापसाची खोली रिकामी करतं का? आमचा कापूस शेजारच्या बेबीताईच्या शेडमध्ये नेऊन टाकला, दुसऱ्याच्या छपराखाली. खोलीला चुना नाही, चांगला डबा आणून रंग दिला. खिडकीला जाळी. तुझी ती पिंजण झाडूनपुसून, ताण नीट करून भिंतीवर टांगली. मी म्हटलं, जुन्या वस्तू भिंतीवर लावायची शहरी फॅशन आली वाटतं, आधी पिंजण टांगली, आता खाली म्हातारा मांडतील. त्यातच एकदा प्रणिता गच्चीवर फोनवर बोलताना ऐकली: ‘‘नाही हो, त्यांना अजून काही सांगितलं नाही. आधी सगळं होऊ द्या, मग एकदमच सांगू.’’ मला पाहिलं आणि वाळत घातलेल्या मिरच्या उगाच उलट्यासुलट्या करायला लागली.

मग टेम्पोतून सामान उतरलं. खुर्चीसारखं बसायचं भांडं, कमोड. आमच्या वर साधंच आहे, उकिडवं बसायचं, आणि मला अजून ते जमतं. त्या कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचे दांडे. बाहेर दाराशेजारी भिंतीला लागून एक बुटका ओटा बांधला आणि त्याच्यासमोर अगदी खाली एक नळ. मी सहदेवला विचारलं, हे काय? लेकरांच्या आंघोळीला? तो म्हणाला, ‘‘पाय धुवाले असंल.’’ झालं! म्हणजे बाबांनी शेतातून यावं, इथं बसून पाय धुवावेत, इथंच आत जावं, इथंच खाटेवर पडावं, आणि वरच्या नव्या फरशीला बाबांचा चिखल लागू नये. सगळा बेत माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

सगळ्यांत विचित्र प्रकार पुढंच घडला. सहदेवनं जागा पाहून कमोड बसवला होता तो सरळ, दाराकडे तोंड, पाठ मावळतीच्या भिंतीला. कुणीही तसाच बसवेल. संध्याकाळी शिवम चिखलीहून आला, त्यानं आत पाहिलं आणि त्याचा चेहराच पडला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सहदेव छिन्नी-हातोडा घेऊन आपलंच ओलं काम फोडतोय आणि तोंडानं पुटपुटतोय, ‘‘पूर्व-पश्चिम नको म्हनते शिवमभाऊ. उत्तर-दक्षिणच पायजे, जागा कमी पडली तरी चालते म्हने.’’ आता तो कमोड आडवा बसलाय. आत वळायला जागा राहिली नाही म्हणून दार बाहेर उघडेल असं करावं लागलं. मी म्हटलं, गाठला यानं कुणी वास्तुवाला. पण शिवम वास्तूला हसणारा पोरगा. वरच्या संडासाची सीट मावळतीकडे तोंड करून आहे, त्यात त्याचं लहानपण गेलं, तेव्हा नाही कुठली दिशा आठवली. मग खालच्यालाच दिशा कशाला? दक्षिण ही यमाची दिशा. माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही, पण ताटावरून मी तसाच उठलो.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंक भरली. म्हटलं, यांनी खाली ठेवण्याआधी आपणच शेतातल्या खोलीवर राहायला जावं. तिथं विहीर आहे, छप्पर आहे, आणि संडासाचा तर वादच नाही, अख्खं रान पडलंय. घरी कुणी नव्हतं. शिवम बाजार समितीत गेला होता, प्रणिता छकुलीच्या शाळेत. ट्रंक घेऊन जिना उतरलो, दोन ठिकाणी टेकलो, पण पाहायला कुणी नव्हतं म्हणून चालून गेलं. खाली आल्यावर त्या नळाकडे नजर गेली आणि डोकं फिरलं. म्हटलं, एवढा पाय धुवायला बांधलाय ना, मग धुतोच. त्यांना दिसेल असा ओला राडा सोडूनच जातो. मी त्या बुटक्या ओट्यावर बसलो, बाह्या वर सारल्या, पाय पुढं केले आणि नळ सोडला.

आणि फकीरा, मी तसाच बसून राहिलो. पाणी वाहत राहिलं. असं बसलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिलाय. आपल्या विहिरीच्या हौदाच्या काठावर, बाह्या वर करून, पाय पुढं घेऊन. आधी हात, मग चूळ, मग नाक-तोंड, मग कोपरापर्यंत हात, ओला हात डोक्यावरून, शेवटी पाय. मी बैलांना पाणी दाखवत उभा असायचो आणि म्हणायचो, लवकर आटप बे, देव काय पळून चालला का? तू म्हणायचास, ‘‘देव नाही पळत, नमाजाचा टाइम पळते.’’ तो ओटा पाय धुवायचा नव्हता. खुब्यात लोखंड घातलेल्या माणसाला वाकावं लागू नये, बसल्याजागी वजू करता यावी, अशा बेतानं तो बांधलाय. मी मान वळवून आत पाहिलं. आडवा कमोड, स्टीलचे दांडे. मावळतीकडे तोंड करून तू नमाज पढतोस. त्या दिशेला तोंड करून किंवा पाठ करून तुम्ही लोक तिथं बसत नाही. वरवटला तुझं घर बांधलं तेव्हा तूच मला हे सांगितलं होतंस, मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. तुमच्याएवढ्या उंचीच्या माणसाला, म्हणाली होती प्रणिता. शाळेच्या ओळीत आपण दोघं कायम शेजारी उभे राहायचो ते उंचीमुळेच.

मग मला तुझा असा राग आला की विचारू नकोस. वरवटला राहायला गेल्यावरही किती वर्षं तू हिवाळ्यात उंद्रीला येत होतास? तुझ्या अब्बांची जुनी गिऱ्हाइकं धरून, आठ-आठ दिवस आमच्या खालच्या खोलीत राहून गावभरच्या गाद्या भरायचास. आणि भल्या पहाटे लोटा घेऊन नाल्याकडे निघायचास. मी म्हणायचो, वर जा ना बे, एवढा बांधलाय. तू म्हणायचास, ‘‘मले मोकळ्या हवेची सवय हाय.’’ तुझं वरवटला पक्कं घर, त्यात पक्का संडास, आणि तुला मोकळ्या हवेची सवय! ज्या झरोक्याचं मी कौतुक करत होतो त्याच दिशेला तुझं सगळं होतं, आणि तू माझं मन मोडू नये म्हणून झकास म्हणालास. एक शब्द बोलला असतास तर मी हातानं फोडून ती सीट फिरवली असती. शेत काय, खिडकीतूनही दिसतं.

पुढं नाल्याकाठी घरं झाली, आणि तुझे आठ दिवसांचे दोन दिवस झाले. मग सकाळच्या गाडीनं यायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. मग तेही नाही. मी बोलावलं की तुझं ठरलेलं, ‘‘येतो येतो.’’ तुला काय सांगू, त्या काळात मी तुझ्याबद्दल काय काय मनात आणलं. टीव्हीवर रोज जे चालतं ते तुझ्याही घरात चालत असेल, कुणीतरी तुझे कान भरले असतील, माझ्या छपराखाली राहणं तुला जड जात असेल. दिवस बदलले की माणसं बदलतात, तसा हाही बदलला, असं म्हणून मी गप्प बसलो. कोकिळा गेली तेव्हा तू आलास, दिवसभर माझ्याजवळ बसलास, आणि संध्याकाळी गाडी धरलीस. त्या दिवशी तरी हा राहील असं मला वाटलं होतं. तुझ्या गाडीचा धूर उडाला आणि मला दोघंही एकाच दिवशी गेल्यासारखं झालं. हे मी कुणाला बोललो नव्हतो, आज तुला लिहितो.

तर ट्रंक मी पुन्हा वर नेली. ती नेताना जो त्रास झाला त्याचा हिशेब तुझ्या नावावर. घरात कुणाला कळू दिलं नाही. फक्त खात्री करून घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी जेवताना सहज म्हटलं, काय रे शिवम, फकीरची काही खबर? प्रणितानं वरणाची पळी सरळ माझ्या पाण्याच्या पेल्यात ओतली. शिवमला ठसका लागला. छकुलीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. म्हणजे तिलासुद्धा ठाऊक होतं! मुक्कामाला का येत नाहीस ते तू नौमानला सांगितलंस, नौमाननं शिवमला सांगितलं, शिवमनं बायकोला, बायकोनं चौथीतल्या पोरीला, आणि ज्याच्या घराचा संडास त्याला कुणी काही विचारलं नाही. मी निमूट वरणाचं पाणी प्यालो आणि म्हटलं, खारट झालंय.

अजूनही त्यांना वाटतं की बाबांना काही कळलेलं नाही. मी रोज त्या संडासापुढं उभा राहून नाक मुरडतो, पैशाची नासाडी म्हणतो, आणि प्रणिता पदर तोंडाला लावून हसते. त्याच्या दाराला कुलूप मी लावलंय, किल्ली माझ्या बंडीत. परवा खरोखरच एक बाई लेकरू घेऊन आली, तिला मी सरळ गच्चीवर पाठवलं. चढताना तिनं माझा उद्धार केला असेल. पण खालच्यात आधी कुणी जाणार नाही, शिवमसुद्धा नाही, मी तर नाहीच. आणि कोकिळेचं म्हणणं इतक्या वर्षांनी मला पटलं, हे तिला सांगायची काही सोय नाही म्हणून तुलाच सांगून ठेवतो.

आता हे सगळं का लिहिलं ते ऐक. वेचणी आटोपली की शिवम गाडी घेऊन तुला न्यायला वरवटला येणार, हे प्रणिता शाइस्ताला फोनवर सांगत होती, मी जिन्यात उभा राहून ऐकलं. तो काही न सांगता येईल, आणि तू वॉकरवर हात ठेवून नेहमीसारखं म्हणशील, ‘‘येतो येतो, आता नाही, थंडी सरू दे.’’ ते म्हणायच्या आधी हे वाच. मी माझी खाट खाली आणलीय. कुणी आणायला लावली नाही. माझ्या हातानं, एक एक पाया सोडून, जिन्यातून उतरवली. घरच्यांना गुडघ्याचं निमित्त सांगितलं, दुसरी खाट आल्यागेल्यासाठी म्हटलं. गॅलरी सोडली, टीव्ही सोडला. शेजारी तुझी खाट टाकलीय, तिच्यावर तूच भरलेली गादी आहे, ती दबून पोळी झालीय, आणि पिंजण भिंतीवर हाताशी आहे. वर सगळे हसतात ते मला आता स्लॅबमधून ऐकू येतं. जानरावसारखंच. तू नाही आलास तर मी इथंच राहीन, कारण उतरलेला माणूस पुन्हा वर जात नाही, हे मीच सगळ्या गावाला सांगितलंय. म्हणून शिवम दारात आला की त्याला काही विचारू नकोस, चहासुद्धा देऊ नकोस. चप्पल घाल आणि गाडीत बस.

तुझाच,
उत्तम